सत्तेचाळीसवरचं तेल

भावोजी तेलाची बाटली घेऊन स्वतः आले, तेव्हाच तेलबाईंना जरा नवल वाटलं. भावोजी नोकरीला होते त्या पंपघराचं तेल वर्षातून एकदा तपासायला यायचं, पण ते गाडीवाल्याच्या हाती, बाटलीच्या मानेला चिठ्ठी बांधून. भावोजी यायचे ते घरी, आणि ते आल्याचं जिन्यातच कळायचं, कारण खालच्या पायरीपासूनच मेव्हणीची थट्टा सुरू व्हायची. आज ते प्रयोगशाळेच्या दारात गुपचूप उभे होते. बाटली त्यांनी मफलरात गुंडाळून छातीशी धरली होती, तान्हं मूल दवाखान्यात आणावं तशी.

"या ना आत. ताई बरी आहे ना?"

"ती बरी आहे," भावोजी म्हणाले. "हे तेवढं बघून दे."

तेलबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ट्रान्सफॉर्मरमध्ये जे तेल भरलेलं असतं, ते अजून विजेला दाद देत नाही ना, हे पाहण्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. कारखान्यात कुणीतरी गमतीत तेलबाई म्हटलं आणि ते चिकटलं. आता त्या स्वतःच फोन उचलून "तेलबाई बोलतेय" म्हणत. त्यांची खोली लांबट होती, भिंतींना कमरेपर्यंत पांढऱ्या फरशा, खिडकीबाहेर दुरुस्तीला आलेले ट्रान्सफॉर्मर झाकणं काढून मांडलेले. रॉकेलच्या लांबच्या नातेवाइकासारखा एक वास तिथे कायम असे. तो घरी जाताना केसांतून बरोबर जाई.

तपासणी तशी साधी. काचेच्या चौकोनी पेल्यात तेल ओतायचं. पेल्यात पितळेची दोन गोल बोंडं समोरासमोर असतात, मधे नखाएवढी फट. तेल स्थिरावू द्यायचं, बुडबुडे जाऊ द्यायचे, मग बोंडांना वीज जोडून दाब सारखा वाढवत न्यायचा. तेल सहन करतं, करतं, आणि एका क्षणी फटीत कडाक्कन ठिणगी पडते. याला तेल फुटलं म्हणतात. साठ हजार व्होल्टच्या पुढे फुटलं तर तेल उत्तम. तीस हजारांच्या आत फुटलं तर ट्रान्सफॉर्मरची धडगत नाही.

भावोजींचं तेल चौसष्ट हजाराला फुटलं. पुन्हा केलं, तेच. थोडं इकडेतिकडे, पण तेच.

"नव्यासारखं आहे," तेलबाई म्हणाल्या. "तुमच्या-माझ्यापेक्षा याची तब्येत चांगली आहे."

भावोजी हसले नाहीत. "हे झालं लाइनच्या विजेवर. पन्नासवर. आमच्याकडे सध्या लाइन बंद आहे, तारा बदलताहेत. दिवसा जनरेटरवर पाणी उपसतो. सगळे पंप लागले की इंजिन दबतं आणि सत्तेचाळीसवर येऊन बसतं. तू सत्तेचाळीसवर काढून बघ."

वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते, ती तिची फ्रिक्वेन्सी. इंजिन मंद झालं की हेलकावेही मंद होतात. तेलाला त्यानं काय होतं, हा तर तेलबाईंचा घरचा विषय. त्यावर त्यांनी दोन वर्षं घालवली होती, आणि हवी ती फ्रिक्वेन्सी देणारं एक यंत्र त्या कामापायीच कोपऱ्यात येऊन पडलं होतं. फ्रिक्वेन्सी फार खाली नेली, तर तेलातला ओलावा आणि कागदाचे बारीक तंतू यांना फटीत रांग धरायला सवड मिळते आणि तेल लवकर फुटतं. फार वर नेली तर तेल तापतं. पण पन्नास काय आणि सत्तेचाळीस काय, एकाच बाटलीतलं तेल दोनदा तपासलं तरी त्याहून जास्त फरक येतो. नियमसुद्धा पंचेचाळीस ते बासष्ट काहीही चालेल असंच सांगतो.

"भावोजी, तेवढ्यानं काही होत नाही."

"माहीत आहे. तूच सांगितलं होतंस, जेवता जेवता. सगळ्यांची झोप उडवली होतीस."

ही थट्टा ऐकून तेलबाईंना बरं वाटलं. पण ती करताना भावोजींचा चेहरा काही हलला नाही. ते खिडकीबाहेर, ट्रान्सफॉर्मरच्या उघड्या टाक्यांकडे बघत होते.

"इंजिन दबलं की ट्रान्सफॉर्मरचा आवाज उतरतो," ते म्हणाले. "तो उतरणारच, त्याचं काही नाही. पण मी कुंपणाच्या कडेनं चालायला लागलो की गुणगुण माझ्याबरोबर चालते. या टोकाला गेलो की टाकीच्या या टोकातून येते, त्या टोकाला गेलो की त्या. मी थांबलो की थांबते."

"भिंतींवरून आवाज परततो. मोकळ्या जागेत असं होतं."

"तसंच असेल," भावोजी म्हणाले. "म्हणून तर आणलं."

नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. तेलबाईंनी कोपऱ्यातलं यंत्र पुढे ओढलं, धूळ पुसली, पेला नव्यानं भरला. एकोणपन्नासवर तेल साठच्या पुढे. अठ्ठेचाळीसवर तसंच. त्यांनी बटण सत्तेचाळीसवर आणलं आणि दाब चढवायला सुरुवात केली.

तेल लगेच फुटलं. काटा जागचा हलला न हलला तोच यंत्रानं वीज तोडली. तेलबाई दचकल्या ते त्यामुळे नाही. एरवी ठिणगीचा आवाज होतो, फटीतून काळी रेघ वर तरंगत येते. इथे आवाज नव्हता आणि रेघही नव्हती. यंत्र म्हणत होतं तेल फुटलं, आणि तेल स्वच्छ.

त्यांनी पेला रिकामा केला, धुतला, कोरडा केला, बोंडांमधली फट मापून घेतली, बाटलीतलं ताजं तेल ओतलं. सत्तेचाळीस. पुन्हा तेच. कपाटातलं नवं, सील न फोडलेलं तेल घेतलं, ते सत्तेचाळीसवर निमूटपणे साठच्या पुढे गेलं. म्हणजे यंत्र ठीक होतं. पुन्हा भावोजींचं तेल, आणि या वेळी यंत्र वीज तोडणार नाही इतकाच दाब ठेवून त्यांनी पेल्यामागे दिवा लावला.

तेलात तंतू होते. ते असतातच, जुन्या तेलात कागदाचा भुगा यायचाच. वीज लागली की ते फटीत आडवे होतात, एका बोंडाकडून दुसऱ्या बोंडाकडे, झुल्याच्या पुलासारखे. तेलबाईंनी ते हजारदा पाहिलं होतं.

हे तंतू आडवे झाले नाहीत. त्यांनी बोंडांकडे पाठ केली. एकेक करून सगळे काचेकडे वळले आणि काचेला टोकं लावून उभे राहिले. काचेच्या पलीकडे भावोजी वाकून बघत होते.

"जरा बाजूला व्हा," तेलबाई म्हणाल्या. "उजेड अडतोय."

भावोजी खिडकीशी गेले. तंतू वळले. घाई नाही, गडबड नाही, शेतातली पिकं वाऱ्यानं एका बाजूला कलावीत तसे ते खिडकीकडे कलले. तेलबाई स्वतः पेल्याभोवती फिरल्या, त्यांच्याकडे एकही तंतू वळला नाही.

"भावोजी, त्या नळाच्या पाइपाला हात लावा. तुमच्या मफलरामुळे अंगावर वीज साठली असेल."

त्यांनी हात लावला. तंतू नळाच्या दिशेनं वळले.

"बाहेर बाक आहे, तिथे बसता का थोडं?"

भावोजींनी एकदा पेल्याकडे, एकदा मेव्हणीकडे पाहिलं आणि काही न विचारता ते बाहेर गेले. दार लागलं. तेलबाई दिव्याच्या उजेडात तंतूंकडे बघत राहिल्या. ते दाराकडे कलले, मग भिंतीकडे, मग भिंतीवरच्या एका जागी स्थिरावले. बरोबर त्या जागेमागे बाक होता.

त्यांनी बटण पन्नासवर नेलं. तंतू सुटे झाले आणि तळाशी बसले. दुसरं काहीच झालं नाही.

"काय निघालं?" भावोजींनी बाहेर विचारलं.

"कचरा आहे थोडा तेलात," तेलबाई म्हणाल्या. भावोजींशी त्या आजवर खोटं बोलल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांना ते नीट जमलंही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना बोलावलं. साहेब चांगला माणूस, स्वतः तेलात हात घातलेला, हसण्यावारी नेणारा नव्हे. त्यांच्यासमोर त्याच बाटलीतलं तेल, तोच पेला, तेच सत्तेचाळीस. तेल पासष्टला फुटलं, चांगला आवाज करून. तंतू शहाण्यासारखे फटीत आडवे झाले.

"काल आणखी कुणी होतं का खोलीत?" साहेबांनी विचारलं.

"भावोजी होते."

"म्हणजे तुम्हाला म्हणायचंय की..." साहेब थांबले. त्यांनाही ते वाक्य पुरं करावंसं वाटलं नाही. "बाई, मी तेलाचा दाखला देऊ शकतो. माणसाचा दाखला आपण देत नाही."

तेल उत्तम असल्याचा दाखला त्याच दुपारी गेला. खाली तेलबाईंची सही होती. ती खोटी नव्हती, नियमाप्रमाणे तेल उत्तमच होतं.

रविवारी ताईचा फोन आला. "जेवण झालं की ये. ते झोपलेत तेवढ्यात ये." एवढंच. ताई फोनवर इतकं थोडं बोलली म्हणजे मामला गंभीर, हे तेलबाईंना लहानपणापासून ठाऊक.

भावोजी बाहेरच्या खोलीत खुर्चीत झोपले होते, मान मागे टाकून, तोंड मिटलेलं. पडद्यातून येणारं ऊन त्यांच्या पायांवर पडलं होतं. ताई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती.

"ऐक," ती हळूच म्हणाली.

एक हलका, जाड, सपाट सूर होता. फ्रिजचा असावा असा. तेलबाईंनी सवयीनं फ्रिजकडे पाहिलं.

"तो मी बंद केलाय," ताई म्हणाली.

"मग भावोजी घोरताहेत."

"त्यांचं घोरणं मला पंचवीस वर्षं पाठ आहे. हे घोरणं नाही. श्वास बघ त्यांचा."

तेलबाईंनी पाहिलं. भावोजींची छाती वर जात होती, खाली येत होती. सूर तसाच होता, श्वास घेतानाही आणि सोडतानाही, मधल्या थांब्यातही. माणूस गुणगुणतो तेव्हा त्याला मधे श्वास घ्यावा लागतो. ताईनं पुढे होऊन नवऱ्याच्या छातीवर तळवा ठेवला.

"इथे हाताला काही लागत नाही," ती म्हणाली. "मग गळ्याला लावून पाहिलं. तिथेही नाही. तू एवढी शिकलीस, तू सांग, कुठून येतोय?"

तेलबाईंनी पर्समधून फोन काढला. सुराची फ्रिक्वेन्सी दाखवणारी एक सोय त्यात होती, ट्रान्सफॉर्मर ऐकायला त्या वापरत. फोन त्यांनी भावोजींच्या ओठांजवळ धरला. आकडा चौऱ्याण्णववर येऊन थांबला आणि तिथून तसूभर हलला नाही.

ट्रान्सफॉर्मर नेहमी विजेच्या दुप्पट गुणगुणतो. पन्नासची वीज असेल तर शंभर. सत्तेचाळीसची असेल तर चौऱ्याण्णव.

"किती आहे?" ताईनं विचारलं.

"नुसता आकडा आहे गं."

"चांगला की वाईट?"

तेवढ्यात सूर थांबला. भावोजींनी डोळे उघडले होते. "अरे, शास्त्रज्ञ आल्या," ते म्हणाले, आणि क्षणभर ते अगदी पूर्वीचे भावोजी होते. "चहा टाका कुणीतरी."

ताई आत गेली तशी तेलबाई त्यांच्या शेजारी बसल्या. "रजा घ्या, भावोजी. लाइन सुरू होईपर्यंत तिकडे जाऊ नका."

"माझा जोडीदार पाठ धरून घरी पडलाय. मीही पडलो तर गावाला पाणी कोण देणार? तू?"

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

भावोजींनी त्यावर खरंच विचार केला. "नाही," ते म्हणाले. "भीती वाटत नाही, याचीच थोडी भीती वाटते. जवळ गेलं की बरं वाटतं. गुडघा दुखायचा थांबतो. काही आठवत बसावं लागत नाही." मग आतल्या भांड्यांच्या आवाजाकडे कान देऊन ते म्हणाले, "हे हिला सांगू नकोस."

तेलबाई रात्रभर विचार करून एका साध्या गोष्टीवर आल्या. काय आहे ते कळत नसलं तरी ते केव्हा होतं हे कळलं होतं. पन्नासवर होत नाही, अठ्ठेचाळीसवर होत नाही. मग सत्तेचाळीस येऊच द्यायचं नाही. एक पंप कमी लावायचा, इंजिनाचा वेग चढा ठेवायचा. गावाला पाणी जरा कमी जाईल, जाऊ दे. सोमवारी त्यांनी सुट्टी टाकली, फ्रिक्वेन्सी दाखवणारा मीटर घेतला आणि भावोजींबरोबर पंपघरी गेल्या.

पंपघर पाण्याच्या काठी होतं. एका बाजूला इंजिनाची खोली, मधे खडी पसरलेलं आवार, आवाराच्या मधोमध उंच जाळीचं कुंपण आणि त्यात ट्रान्सफॉर्मर. करडा, पंख्यासारख्या पात्यांचा, माणसाहून उंच. कुंपणाला एकच फाटक, त्याला कुलूप, आणि किल्ली भावोजींच्या जुडग्यात. ऊन स्वच्छ होतं. पाण्यावर पक्षी बसले होते. भ्यावं असं तिथे काही नव्हतं, आणि तेलबाईंना स्वतःचंच थोडं हसू आलं.

इंजिनवाला आडव्या बांध्याचा, कानात कापूस घातलेला माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "वेग चढवतो की, त्यात काय. डिझेल जास्त पिईल एवढंच."

"भावोजी, तुम्ही इथेच थांबायचं, आमच्याजवळ," तेलबाई म्हणाल्या.

"बरं बाई," भावोजी म्हणाले आणि खिडकीशी स्टुलावर बसले.

इंजिन लागलं. खोलीची जमीन थरथरू लागली. मीटरनं पन्नास दाखवले, वर थोडे जास्तच. पहिला पंप लागला, आकडा किंचित खाली येऊन पुन्हा सावरला. दुसरा लागला. एकोणपन्नास. बाहेरून ट्रान्सफॉर्मरची गुणगुण ऐकू येत होती, रुंद आणि शांत.

"तिसरा लावू?" इंजिनवाल्यानं खुणेनं विचारलं.

तेलबाईंनी मान हलवली. नको.

आकडा अठ्ठेचाळीसवर आला.

"मी काही लावलं नाही," इंजिनवाला ओरडून म्हणाला. त्यानं वेगाचा दांडा पुढे सारला. इंजिनाचा आवाज चढला, धुराड्यातून काळा धूर निघाला. आकडा खाली आला. सत्तेचाळीस.

बाहेरची गुणगुण उतरली. रविवारी ऐकलेला तो सपाट सूर आता आवारभर पसरला होता.

"एक पंप तोडा," तेलबाई म्हणाल्या. त्यानं तोडला. "दुसराही तोडा." तोही तोडला. आता इंजिनावर काही ओझं नव्हतं, ते सुटल्यासारखं पळत होतं. मीटर सत्तेचाळीसवर होता. तेलबाईंनी तो काढून पुन्हा जोडला. सत्तेचाळीस.

मग त्यांनी खिडकीकडे पाहिलं. स्टूल रिकामं होतं.

भावोजी खडीवरून चालत निघाले होते. सावकाश, हात मागे बांधून, जेवणानंतर शतपावली करावी तसे. त्यांच्या हातात जुडगा होता.

तेलबाईंनी काचेवर मूठ आपटली. भावोजींनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी कुलूप काढलं, आत गेले, फाटक ओढून घेतलं आणि आतल्या बाजूनं नीट, शिस्तीत कुलूप लावलं. नेहमी लावत असत तसं.

"इंजिन बंद करा," तेलबाई म्हणाल्या आणि उत्तराची वाट न बघता त्यांनीच भिंतीवरचं लाल बटण दाबलं.

इंजिन धापा टाकत थांबलं. जमीन स्थिर झाली. मीटरचा आकडा विझला.

गुणगुण चालू होती.

इंजिनवाल्यानं कानातला कापूस काढला. तो तेलबाईंकडे बघत राहिला. तारेत वीज नव्हती, कुठेच नव्हती, आणि बाहेर तो सूर तसाच होता.

तेलबाई दाराकडे धावल्या. आवार ओलांडायला किती वेळ लागला असेल, दहा-पंधरा श्वास. त्या कोपऱ्यावरून वळल्या तेव्हा टाकी मधे आली आणि भावोजी टाकीमागे गेले, किंवा टाकीमागे असावेत असं वाटलं.

सूर थांबला.

त्या कुंपणाला धरून फिरल्या. एक बाजू. दुसरी बाजू. मागची बाजू.

आत कुणी नव्हतं.

किल्ल्यांचा जुडगा आतल्या बाजूनं कुलपाला लटकत होता आणि अजून थोडा हलत होता.

तेलबाईंनी हाक मारली नाही. त्यांचं लक्ष एका भलत्याच गोष्टीकडे गेलं होतं. ट्रान्सफॉर्मरला श्वास घ्यायची एक नळी असते, तिच्या टोकाला काचेची लहान वाटी. आतलं तेल तापून फुगलं की वाटीतून बुडबुडे बाहेर येतात, निवून आकसलं की हवा आत जाते. वीज तोडली होती, तेल आता निवायला हवं होतं. वाटीतून बुडबुडे बाहेर येत होते. एकामागून एक, मोठे, संथ. बराच वेळ ते येत राहिले. मग थांबले.

पुढचं सगळं रीतसर झालं. पोलीस आले, त्यांनी कुलूप पाहिलं, उंच कुंपण पाहिलं, इंजिनवाल्याला आणि तेलबाईंना वेगवेगळं बसवून तेच तेच विचारलं. पाण्यात होड्या फिरल्या. पाणी ओढून घेणाऱ्या चरात भावोजी पडले असावेत, असं शेवटी ठरलं, कारण दुसरं काही ठरवण्यासारखं नव्हतं. काही सापडलं नाही. ताई रडली नाही, ती नुसती दारात येऊन उभी राही, आणि विचारलं तर म्हणे, "घर फार शांत झालंय गं."

तारा बदलून झाल्या, लाइनची वीज आली. तेलबाईंनी ट्रान्सफॉर्मरच्या तळाच्या नळातून तेल आणून तपासलं. पन्नासवर, अठ्ठेचाळीसवर, सत्तेचाळीसवर. कितीही वेळा, कितीही वाजता. ते सत्तरच्या पुढे गेलं. दिवा लावून पाहिलं तर आत एकही तंतू नव्हता. इतकं निर्मळ तेल त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

तरी त्या साहेबांपाशी गेल्या आणि म्हणाल्या, टाकी रिकामी करून आत बघायचंय. साहेबांनी कारण विचारलं नाही. त्यांनी पंपघराच्या वरिष्ठांना गाठून एका सुट्टीच्या दिवसाची परवानगी काढली आणि फिल्टरवाला पाठवला. हा माणूस गावोगाव फिरून ट्रान्सफॉर्मर रिकामे करायचा, तेल गाळून पुन्हा भरायचा, त्याला त्यापलीकडे काही सांगितलेलं नव्हतं.

ताई म्हणाली, मी येणार. तिला नको म्हणणं कुणाला जमलं नाही.

सकाळपासून ढगाळ होतं, पाण्यावरून बोचरा वारा येत होता. फिल्टरवाल्याचा पंप हळूहळू तेल ओढत होता, लोखंडी पिंपं एकेक करून भरत होती. दुपारी टाकी रिकामी झाली. फिल्टरवाला झाकण उघडून आत उतरला, बॅटरी घेऊन सगळीकडे बघून वर आला.

"आत काही नाही," तो म्हणाला. "अगदी चकाचक."

 तेलबाईंना सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची त्यांना लाजही वाटली.

फिल्टरवाला मात्र चिंध्यांनी हात पुसत पिंपांकडे बघत होता. त्यानं ट्रान्सफॉर्मरवरची पाटी वाचली, पिंपांकडे पुन्हा पाहिलं. "बाई, मधे कुणी तेल भरलं होतं का यात?"

"नाही. का?"

"पाटीवर लिहिलंय त्याहून जास्त निघालं. असं होत नाही कधी. कमीच निघतं, थोडं सांदीकोपऱ्यात राहतंच." त्यानं पायानं शेवटच्या पिंपाकडे दाखवलं. "हे पिंप लागायलाच नको होतं. निम्म्याला जरा कमी भरलंय."

"किती असेल?"

"फार नाही. एखाद्या माणसाच्या वजनाएवढं."

तो सहज बोलून गेला आणि नळ्या गुंडाळायला लागला. तेलबाई मागे वळल्या. ताई वाऱ्यानं कुडकुडत पिंपांच्या रांगेपाशी आली होती आणि त्याच शेवटच्या पिंपाला पाठ लावून खाली बसली होती. तिनं डोकं मागे टेकलं होतं, डोळे मिटले होते. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा सैल दिसत होता.

"इथे बस," ती म्हणाली. "बाकीची पिंपं गार पडलीत. हे अजून कोमट आहे."

तेलबाईंनी वाकून पिंपाच्या पत्र्यावर हात ठेवला. ताप नसलेल्या माणसाच्या कपाळाला हात लावावा, तेवढाच तो ऊन होता.